ओळखीचा वास

मैत्रिणींनो, या पानांवर तुम्ही लोणच्याच्या बरण्या, लोकरीचे टाके नि मुलांचे अभ्यास यांविषयी पुष्कळ वाचलं असेल. आज मी तुम्हांला चक्क लाल वाईनविषयी सांगणार आहे. दचकलात ना? अहो, मीसुद्धा दचकलेच होते. दारूचं नुसतं नाव निघालं तरी जिथे आई उठून आत जायची, त्या घरात वाढलेली मी! पण आधी सगळं ऐकून घ्या आणि मग मला काय बोल लावायचा तो लावा.

पुढचं नीट कळावं म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. माझे वडील प्यायचे. रोज नाही, पण पगाराच्या आठवड्यात हमखास. आम्ही भावंडं दिव्याखाली अभ्यासाला बसलेली असायचो. जिन्यावर पावलं वाजली की दार उघडायचं काम माझं. दार उघडताच जो वास यायचा, त्यावरून मला कळायचं, की आज जेवणं मुकाट्याने होणार की ताटं आपटणार. आठ-नऊ वर्षांची असेन तेव्हा. वास उग्र असला की धाकट्या भावाचा हात धरायचा नि शेजारच्या काकूंकडे जायचं. त्यावर बोलायचं मात्र कुणीच नाही. आईही नाही, मीही नाही. वडील जाऊन आता बारा वर्षं झाली. वासाच्या बाबतीत माझं नाक फार तिखट आहे असं सासरी सगळे कौतुकाने म्हणतात. दूध उतू जाण्याआधी मला कळतं, डाळ लागायच्या आधी कळतं. हे नाक तयार कुठे झालं, ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तर २०२४ सालच्या मे महिन्यात मी दोन महिन्यांसाठी लंडनला गेले. धाकट्या जाऊबाईंचं बाळंतपण होतं, माझ्या शाळेलाही सुट्टी होती. भाऊजींचं घर लंडनच्या बाहेरच्या एका उपनगरात आहे. त्यांच्या गल्लीतल्या सहा घरांनी मिळून एक मंडळ काढलंय. आपल्याकडे भिशी असते ना, तसंच. महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमायचं, प्रत्येकाने लाल वाईनची एकेक बाटली आणायची. अटी दोनच. बाटली नऊ पौंडांच्या आतली हवी, म्हणजे आपले साडेनऊशे रुपये धरा. आणि प्रत्येकाचा देश वेगळा हवा. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची, वर नुसता नंबर. मग चव घेऊन गुण द्यायचे आणि शेवटी कागद काढायचे.

त्या महिन्यात पाळी भाऊजींची. जाऊबाई बाळाला घेऊन वरच्या खोलीत. भाऊजी बिचारे चाचरत म्हणाले, "वहिनी, तुम्हांला चालणार नसेल तर आम्ही दुसरीकडे जमतो." मी म्हटलं, "जमा इथेच. मी खायचं बघते." मनातून मात्र पोटात गोळा आला होता. बाटल्यांची रांग टेबलावर बघितली नि मला एकदम आमचा जिना आठवला.

पहिली फजिती माझीच झाली. तिन्हीसांजेला देवाजवळ उदबत्ती लावली, तर भाऊजी धावत आले, "वहिनी, आज नको!" का, तर उदबत्ती, अत्तर, फोडणी, कशाचाही वास खोलीत असला की वाईनचा वास कळत नाही. माझा हिरव्या मिरचीचा चिवडाही ताटाखाली झाकून ठेवावा लागला. गुण देऊन होईपर्यंत फक्त पाणी आणि साधा पाव.

मंडळात समोरच्या घरातल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना मी नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह, पण मला काही जमेना. मनातल्या मनात मी त्यांना 'बाई'च म्हणत असे. मी दाराशी उभी आहे असं पाहून त्यांनी खुर्ची ओढली नि म्हणाल्या, "पिऊ नका. वास घ्या, घोटभर तोंडात घोळवा आणि या बादलीत टाका. आम्हीही तेच करतो." खरोखरच टेबलाखाली एक छोटी बादली होती. म्हणजे आपण चूळ भरतो ना, तसं! परीक्षक मंडळी जगभर असंच करतात म्हणे. दिवसाला पन्नास-पन्नास बाटल्या चाखायच्या तर गिळून कसं भागेल? हे ऐकलं आणि मी बसले.

पद्धत अगदी सोपी आहे. आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा. कडेला जांभळा असला तर वाईन बहुधा कोवळी, विटकरीकडे झुकला तर जुनी. मग ग्लास गोल फिरवायचा, म्हणजे हवा लागून वास मोकळा होतो, आणि नाक आत घालून वास घ्यायचा. मग घोट. रंगाला तीन गुण, वासाला सात, चवीला दहा, एकूण वीस. गुण द्यायचे म्हटल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झालीच! आणि कागदात गुंडाळलेली बाटली म्हणजे नाव झाकलेला पेपरच की हो. मुलगा कुणाचा, हुशार की ढ, काही कळत नाही. उत्तर लिहिलंय तेवढंच समोर.

बाईंनी जाता जाता पुष्कळ माहिती दिली. लाल वाईनचा रंग द्राक्षाच्या रसातून येत नाही, सालीतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढरट असतो. साली रसातच ठेवून तो आंबवला की रंग उतरतो. त्या सालींतून आणि बियांतून आणखी एक गुण उतरतो. घोट घेतला की जीभ नि हिरड्या ओढल्यासारख्या होतात. बाई त्याला टॅनिन म्हणाल्या. कडक चहाच्या बुडाशी असतं तेच. त्या म्हणाल्या, "नवीन माणसांना हे सांगताना मला फार त्रास होतो." मी म्हटलं, "आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. आम्ही तुरट म्हणतो. आवळा, जांभूळ, सुपारी." गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, हे सहा रस आपण शाळेत घोकलेले! बाईंनी तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला.

आता सहा बाटल्यांचं सांगते. माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलं तेच.

पहिल्या क्रमांकाची बाटली नाकाशी नेली नि मला सुक्या खोबऱ्याचा वास आला. अगदी वाटी फोडून उन्हात ठेवल्यासारखा, आणि मागून व्हॅनिलाचा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी गप्प बसले. कागद काढल्यावर कळलं, ती स्पेनच्या रिओहा भागातली, टेम्प्रानिल्यो नावाच्या द्राक्षाची. बाटलीवर 'क्रियांसा' असं लिहिलेलं. त्याचा अर्थ, निदान दोन वर्षं मुरवलेली आणि त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या लाकडी पिंपात. तिकडे अमेरिकी ओकची पिंपं वापरायची जुनी चाल आहे, आणि त्या लाकडातून खोबऱ्याचा वास उतरतो. म्हणजे माझं बरोबर होतं! किंमत साडेसहा पौंड.

दुसरी. ग्लास फिरवला, वास घेतला, आणि माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "अगंबाई, ढोबळी मिरची!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊजींनी भाषांतर केलं. बाई हसल्या, पण बोलल्या नाहीत. कागद काढला तेव्हा ती निघाली चिली देशाची, द्राक्षाचं नाव कारमेनेर. या द्राक्षाची खूणच मुळी ढोबळ्या मिरचीचा वास. जे द्रव्य मिरचीत असतं तेच या द्राक्षात थोडं असतं. आणि त्याची गोष्ट तर एखाद्या सिनेमासारखी आहे, जत्रेत हरवलेल्या भावाची! हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या बोर्दो भागातलं. एकोणिसाव्या शतकात मुळांना लागणाऱ्या एका किडीने तिथले मळे उद्ध्वस्त केले नि कारमेनेर जवळजवळ संपलंच असं सगळे समजून चालले. पण त्याआधीच त्याच्या काड्या चिलीत पोचल्या होत्या आणि तिथे लोक त्याला मर्लो समजून वाढवत होते. १९९४ सालच्या नोव्हेंबरात ज्याँ-मिशेल बूर्सिको नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाने चिलीतल्या मळ्यात वेल पाहून ओळखलं, की हे मर्लो नव्हे, हे आपलं हरवलेलं कारमेनेर. शंभर वर्षं दुसऱ्याच्या नावावर संसार केला बिचारीने! मी तिला सोळा गुण दिले. किंमत सात पौंड.

तिसरी अर्जेंटिनाची मालबेक. रंग असा की पांढऱ्या साडीवर सांडली तर साडी गेलीच म्हणून समजा. पिकल्या जांभळाची चव, तुरटपणा मऊ. हेही द्राक्ष मूळचं फ्रान्सचंच. १८५३ साली मिशेल एमे पुजे या फ्रेंच शेतीतज्ज्ञाच्या हातून ते अर्जेंटिनात गेलं. आता तिथल्या मेंदोसा भागात, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, हजार हजार मीटर उंचीवर त्याचे मळे आहेत आणि डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यांना मिळतं. दिवसा कडक ऊन नि रात्री थंडी, त्यामुळे फळ गोड होतं आणि आंबटपणाही टिकतो. सगळ्यांत महाग हीच, नऊ पौंडांना एक पेनी कमी.

चौथीला मला ताज्या कुटलेल्या मिऱ्यांचा वास आला. ही ऑस्ट्रेलियाची शिराझ. गंमत म्हणजे पलीकडच्या घरातल्या गृहस्थांना मिऱ्यांचा वास काही केल्या येईना. ते मला म्हणाले, "तुम्ही स्वयंपाकघरातलं मनात धरून बसलाय." तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा. यांच्या नाकाचा दोष नाही, तुमच्याही नाही." या वासाचं द्रव्य म्हणजे रोटंडोन. काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली ते शोधून प्रसिद्ध केलं, तेव्हा असं दिसलं की साधारण पाचांतल्या एकाला हा वास येतच नाही. म्हणजे एकाच टेबलाशी बसून एकच घोट घेणाऱ्या दोघांना दोन वेगळ्या गोष्टी कळतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पाचवी दक्षिण आफ्रिकेची पिनोटाज. १९२५ साली स्टेलेनबॉशमध्ये अब्राहम पेरोल्ड या प्राध्यापकांनी पिनो न्वार आणि सँसो या दोन द्राक्षांचा संकर करून ही जात काढली. मला हिला चुलीच्या धुराचा वास आला, आणि शेवटी थोडा जळक्या रबराचा. दहा गुण दिले. चांगली पिनोटाज असते म्हणे, पण ही नव्हती.

सहावी फ्रान्सच्या बोजोले भागातली, गामे द्राक्षाची. पातळ, लाल, कोकमच्या सरबतासारखी झळकणारी. तुरटपणा जवळजवळ नाहीच. बाईंनी ती मुद्दाम थोडी गार करून आणली होती. मी तेरा गुण दिले, पण हिची खरी गंमत पुढे जेवताना कळली.

गुणांची बेरीज झाली. पहिली आली साडेसहा पौंडांची स्पॅनिश, दुसरी माझी ढोबळी मिरची. सगळ्यांत महाग मालबेक चौथी! तेव्हा बाईंनी पॅरिसची गोष्ट सांगितली. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये अशीच नावं झाकून परीक्षा घेतली. एकीकडे फ्रान्सच्या नावाजलेल्या वाईन, दुसरीकडे कॅलिफोर्नियाच्या, ज्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं. गुण देणारे नऊही परीक्षक फ्रेंच. निकाल लागला तेव्हा लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाची १९७३ सालची स्टॅग्ज लीप पहिली आली होती! पांढऱ्यांतही पहिला नंबर कॅलिफोर्नियाचाच. नाव दिसलं असतं तर असे गुण पडले असते का, तुम्हीच सांगा.

मग जेवणं. मी मटणाचा लाल रस्सा केला होता. सगळ्यांनी मोठ्या हौसेने शिराझ नि मालबेक ओतून घेतल्या, आणि पहिल्याच घासाला तोंडं वाकडी झाली. तुरटपणा नि अल्कोहोल, दोन्हींमुळे तिखट जास्तच झोंबतं आणि वाईन कडू लागते. तेरा गुणांची ती गार गामे मात्र रश्श्याबरोबर झकास जुळली. परीक्षेत मागे पडलेली पोर संसारात हुशार निघते ना, त्यातली गत!

आता तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचा विषय, पैसे. स्वस्त आणि किफायतशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तिथे बाजाराच्या हिशोबाने शिकले. त्या वर्षी इंग्लंडात साधारण तेरा टक्क्यांच्या वाईनच्या बाटलीवर २.६७ पौंड उत्पादन कर होता. बाटली सहाची असो की साठची, तेवढाच. शिवाय किमतीतला सहावा हिस्सा विक्री कराचा. म्हणजे सहा पौंडांच्या बाटलीत एक पौंड विक्री कर, २.६७ दुसरा कर, उरले २.३३. त्यातच काच, बूच, बोटीचं भाडं, दुकानदाराचा नफा आणि सगळ्यांत शेवटी द्राक्षं! नऊ पौंडांच्या बाटलीत कर जाऊन ४.८३ उरतात. किंमत दीडपट, पण उरलेले पैसे दुपटीहून जास्त. म्हणून तिथले जाणकार अगदी तळाची बाटली घेत नाहीत, तिच्या एक-दोन पायऱ्या वरची घेतात. पण आमच्या निकालाने हेही दाखवलं, की पैसे मोजल्याने चांगली निघायची शक्यता वाढते, हमी मिळत नाही. साडीचंही असंच नाही का?

जूनमध्ये दुसरी बैठक. या वेळी भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपल्या घरची बाटली तुम्ही निवडा." दुकानात भिंतभर बाटल्या. मी अर्धा तास लेबलं वाचत उभी. शेवटी विचार केला, ज्या गावांची नावं मोठी, तिथे नावाचे पैसे मोजावे लागणार. ज्यांच्या द्राक्षांची नावं उच्चारताही येत नाहीत, त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव बेताचा. मी पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली घेतली, पावणेआठ पौंडांना. नदीकाठच्या उभ्या डोंगरांवर पायऱ्या खोदून हे मळे केलेत, आणि १७५६ साली तिथल्या सरकारने या भागाच्या हद्दी आखून दिल्या. आत तूरिगा नासिओनाल वगैरे चार-पाच तिथलीच द्राक्षं. पोर्तुगीज म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. त्यांनी आपल्याकडे मिरची आणली, मी त्यांची बाटली गल्लीत आणली. फिट्टंफाट! तिला दुसरा नंबर मिळाला.

पण त्या संध्याकाळचं खरं सांगायचं ते वेगळंच आहे. मिरी न कळणारे ते पलीकडचे गृहस्थ या वेळी आपल्या बाटलीवर फार खूष होते. कागद गुंडाळलेला असूनही तिसरी त्यांची हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं होतं. ग्लास फिरले. जो तो "वा, वा" म्हणत चौदा, पंधरा गुण लिहू लागला. मी वास घेतला. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास. फळाचा पत्ता नाही. पुन्हा घेतला. तोच.

मैत्रिणींनो, माझे हात गार पडले. वास ओळखायचा आणि बोलायचं नाही, ही माझी लहानपणापासूनची सवय. वाटलं, आपण पाहुण्या, आपल्याला यातलं काय कळतं, लिहावेत चौदा नि मोकळं व्हावं. पेन्सिल हातात धरून किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग म्हणाले, "मला वाटतं, ही बिघडली आहे."

खोलीत शांतता. गृहस्थांच्या कपाळावर आठी. बाईंनी आपला ग्लास उचलला, वास घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. म्हणाल्या, "बरोबर आहे. बुचाचा दोष. पहिल्यांदा माझ्याही लक्षात आला नाही." झाडाच्या सालीच्या बुचात कधी कधी एक द्रव्य तयार होतं. ते वाईनमध्ये उतरलं की फळाचा वास मरतो आणि दमटपणा तेवढा उरतो. प्रकृतीला अपाय नाही, दुकानदार बाटली बदलूनही देतात. पण पुष्कळ लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं, ही वाईनच वाईट, किंवा आपल्यालाच समज नाही. म्हणून तर आता निम्म्या बाटल्यांना फिरकीची झाकणं दिसतात. गृहस्थ उठले, घरी गेले आणि तीच दुसरी बाटली घेऊन आले. ती उघडली. काय सांगू, जमीन-अस्मानाचा फरक! तिलाच त्या दिवशी पहिला नंबर मिळाला. पुढची बाटली उघडल्यावर त्यांनी ग्लास आधी माझ्यापुढे ठेवला.

ह्यांना फोनवर सांगितलं तर हे हसून म्हणाले, "थुंकायला लंडनला गेलीस होय!" गेले खरी. दोन्ही दिवस मिळून माझ्या पोटात चार चमचेही गेली नसेल. आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण हा लेख वाचून कुणी बाटली आणायला निघू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलंय, की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही. आपल्या बायकांच्या दृष्टीने तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोड्या प्रमाणानेही वाढतो. 'लाल वाईन हृदयाला चांगली' म्हणून कुणी सांगू लागलं तर त्यावर विसंबू नका. आणि ज्या घरात दारूने पाय पसरलेत, तिथे ही वाईन आहे, ती दारू आहे, असला भेद करायची तर मुळीच सोय नाही. ज्या घरी घेतात, तिथे दोनच गोष्टी लक्षात ठेवा. आपल्या उन्हाळ्यात लाल वाईन खोलीतल्या गरमीत देऊ नये, वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. सोळा-अठरा अंशांना ती बरी लागते. आणि उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, तेव्हा संपवायची घाई करू नये.

पण नाक मात्र सगळ्यांनाच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी परत आल्यावर घरात खेळ सुरू केलाय. मुलांचे डोळे बांधायचे आणि मसाल्याच्या डब्यातली एकेक वाटी नाकाशी धरायची. दगडफूल, जायपत्री, नाकेशर, शहाजिरं. नाव आलं नाही तरी चालेल, पण कशासारखं वाटतं ते सांगायचं. आणि कुणी हसायचं नाही, हा नियम.

जुलैत आईला भेटायला गेले. तिला कसं सांगावं, सांगावं की नाही, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गवार मोडत बसली होती, तेव्हा सगळं सांगितलं. बाटल्या, कागद, बादली, ओल्या पुठ्ठ्याचा वास. ती उठून आत गेली नाही. गवारीच्या शिरा काढत ऐकत राहिली. मी म्हणाले, "आई, मला तेव्हाही कळायचं गं. दार उघडल्याबरोबर."

आईचे हात थांबले. म्हणाली, "ठाऊक आहे मला. तू बाळूला घेऊन काकूंकडे जायचीस ना. मला त्याआधीच, जिन्यावरूनच कळायचं. म्हणून तर मी तुला दार उघडायला पाठवायची. लेकीसमोर हात उचलायचे नाहीत ते."

तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी त्यावर बोललो. फार नाही, चहा होईपर्यंत. मग तिने डोळे पुसले, गवारीची परात पुढे ओढली आणि विचारलं, "आणि ती ढोबळ्या मिरचीची कुठली म्हणालीस?"

"चिलीची."

"बघ," आई म्हणाली, "नावातच होतं की!"